गोदीच्या वाटेचा दोर

ऐका गं बायांनो, आणि पोरांनो, तुम्हीही गप बसून ऐका. फार वर्षांपूर्वीची, आपल्या खडकओहोळ गावाला एकच वेस होती तेव्हाची ही गोष्ट. वेशीबाहेर, ओढ्यापलीकडं ठकाई राहायची. घायपात कुजवून त्यातल्या धाग्यांचा वाख काढायचा आणि दोर वळायचे, हे तिचं काम. गावातलं प्रत्येक दावं तिच्या हातचं. पोळ्याला वेशीत बांधायचं तोरणही तीच वळून द्यायची.

तिची एकुलती लेक गोदी. जन्मापासून दिसायचं नाही तिला. सकाळी पोरं पाढे म्हणत शाळेला निघाली की गोदी दारात येऊन उभी राहायची, त्यांचा आवाज विरेपर्यंत.

एक दिवस लेकीला घेऊन ती शाळेत गेली. गुरुजी म्हणाले, “पाटी दिसायची नाही, मग इथं बसून करणार काय ही?”

“गुरुजी, मी अंधारात दोर वळते. डोळे कुठं लागतात? बोटांना कळतंय की.”

“बरं. रोज एकटी चालत आली, तर बसवून घेईन.”

एकटी! मधे ओढा, काटे, गुरं. पण ठकाई घरी आली ती वाख घेऊनच बसली. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. शाळेच्या भिंतीमागं बसून ती पोरांचं ओरडणं ऐकायची आणि दर अक्षराला निराळी गाठ ठरवून गोदीच्या बोटांना ओळखायला शिकवायची. दारापाशी ‘अ’ची गाठ, ओढ्यावर ‘क’ची, वेशीत ‘म’ची. दोर संपला तो शाळेच्या पायरीशी, ‘ज्ञ’वर. असं म्हणतात, त्या तीन महिन्यांत तिच्या कमरेला खोचलेला वाख एकदाही सरला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून गोदी शाळेत बसणार होती. म्हणून पोळ्याच्या दुपारी ती सवयीसाठी एकटी निघाली. ठरलं होतं, पोचली की दोराला तीन हिसके द्यायचे. ठकाई टोक धरून उंबऱ्यावर बसली.

या सगळ्यात ती वेशीचं तोरण वळायचं विसरली होती. आणि बैल वाजतगाजत वेशीत आले तेव्हा लोकांना तिथं दोर दिसला. ठकाईच्या हातचा, वेशीत बांधलेला, म्हणजे तोरणच! पाटलांचे बैल घुसले, दोर तुटला, “तोरण तुटलं!” म्हणून जो तो तुकडे घेऊन पळाला. शकुनाचे म्हणून घरोघरी दाराला बांधले.

इकडं ठकाईच्या हातातला दोर सैल पडला. ती धावत सुटली. गोदी ओढ्याच्या काठाला उभी होती, हातात तुटकं टोक.

ठकाई दारोदार फिरली. पाटलीणबाई म्हणाल्या, “अगं बया, आता कसं सोडू? दाराला बांधलेलं तोरण सोडत नाहीत गं.”

तेव्हा गोदी म्हणाली, “आये, राहू दे त्यांच्याकडं. मी दारोदार जाईन.”

दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोराच्या आधारानं ओढा ओलांडून ती पहिल्या दारी गेली, तुकडा चाचपला. “काकू, तुमच्याकडं ‘म’ आहे.” काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पुढच्या दाराला हाक घातली, “सगुणे, पोर येतीय, तुझी पायरी कुठंय ते हाक मारून सांग तिला!” अशी दारांमागून दारं हाका मारत गेली, आणि गोदी अक्षरं वाचत एकटी शाळेच्या पायरीशी पोचली. गुरुजी स्वतः खाली उतरले.

गोदी शिकली, मोठी झाली, तिच्यासारख्या लेकरांना शिकवायला लांबच्या मुलखात गेली. ठकाई मात्र रोज उरलेल्या दोराचं टोक धरून उंबऱ्यावर बसायची. असं म्हणतात, एका सकाळी उंबऱ्यावर ठकाई नव्हती. नुसता दोर होता, पण कुणीतरी धरल्यासारखा ताठ. आणि त्याला तीन हिसके बसले.

आजही आपल्याकडं पोळ्याला बैल वेशीत शिरायच्या आधी एक जण मोठ्यानं विचारतो, “तोरणच हाय नव्हं?” आणि ज्या घरी न दिसणारं लेकरू असेल, त्या घरापासून शाळेपर्यंत दोर लागतो. प्रत्येक दारानं पुढच्या दारापर्यंतचा तुकडा स्वतः वळायचा, त्यात गाठी मारायच्या. तीन हिसके येईस्तोवर आईनं उंबऱ्यावरून उठायचं नाही.

यंदा दोर आमच्या दारातून निघालाय. अनसूयाकाकूंच्या दारापर्यंत आला. पुढची अकरा दारं राहिलीत. टोक माझ्या हातात आहे.