राजा भानुकीर्ती आणि निवळाईचा ढीग

एका राज्यात कुणालाच घाई नव्हती, घाई होती ती फक्त राजाला. राजाचे नाव भानुकीर्ती. तो उभ्याने जेवी, चालता चालता न्याय देई, आणि समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळा होई. राणी कधीच निवर्तली होती. मागे एक मुलगी, चारुमती, चौदा वर्षांची. तिच्याशीही राजा असाच बोले, एक पाय दारात, एक पाय दाराबाहेर.

एके दिवशी दरबारात तंटा आला. नदीकाठच्या बाजारात बैलगाडी उलटली होती. गाडीत एक पोते होते देमाजी रंगाऱ्याचे, त्यात लोखंडाचा कीस. काळा रंग करायला तो लागतो. दुसरे पोते एका म्हातारीचे, त्यात बारीक मीठ. दोन्ही पोती फाटली, माल वाळूत सांडला, आणि तिन्हींचा मिळून एकच करडा ढीग झाला. शिपायांनी तो होता तसा उचलला आणि दरबारात आणून ओतला.

देमाजी म्हणाला, "महाराज, कीस माझा. तो मला मिळावा."

म्हातारी म्हणाली, "महाराज, मीठ माझे. ते मला मिळावे."

बाहेर राजाचा घोडा खूर आपटत होता. राजा म्हणाला, "ढीग ढवळा, दोन सारखे वाटे करा. एक याला, एक हिला."

"असला वाटा घेऊन मी काय करू, महाराज?" म्हातारी म्हणाली. "भाकरीत घालू की डोळ्यांत?"

"वेगळे करणे अशक्य आहे, म्हणून वाटे केले. न्याय झाला."

म्हातारी काठी टेकून उठली. तिची सावली भिंतीवर चढली, भिंतीवरून छतावर गेली आणि छतभर पसरली. ती म्हणाली, "राजा, माझे नाव निवळाई. वेगळे करणे तुला अशक्य, तर तुझ्या राज्यात काही वेगळे न राहो." एवढे बोलून ती भिंतीतून निघून गेली. तिच्यामागे ढीगही गेला.

दुसऱ्या दिवसापासून सारे एकमेकांत शिरू लागले. तेल पाण्यात विरघळले, दिवे विझले. भातात खडे नाहीत असे ताट उरले नाही. देवळाची घंटा वाजवली तर कुत्रे भुंकल्याचा आवाज येई, आणि कुत्र्याच्या गळ्यातून आरती निघे. सेनापती सैन्यासमोर उभा राहिला आणि बायकोची अंगाई म्हणू लागला. सोमवारची सकाळ झाली की गुरुवारची संध्याकाळ येई.

राजाला तर दुसऱ्याच कुणाचे दात दुखू लागले. त्याला आठवू लागले की आपण लहानपणी मेंढ्या राखल्या, एक कोकरू ओढ्यात वाहून गेले, आपण रडलो. राजाने आयुष्यात मेंढी राखली नव्हती. तरी त्या कोकराला तो झोपेत हाका मारी, आणि हे दुःख कुणाचे, तेच त्याला उमगेना.

मग दासी धावत आली. "महाराज, राजकन्येच्या महाली चलावे."

चारुमती खिडकीच्या कठड्यावर चवड्यांवर बसली होती. मान झटक्याने इकडे वळवी, झटक्याने तिकडे वळवी. तिच्या पिंजऱ्यात एक साळुंकी असे. त्या पिंजऱ्यातून चारुमतीचा आवाज आला, "आबा, मी इथे आहे."

राजा पिंजऱ्याकडे वळला. तेवढ्यात पाठीमागून मुलगी म्हणाली, "आबा," आणि पुढे नुसती चिवचिवली.

राजा मध्ये उभा राहिला. कुणाकडे जावे, ते त्याला कळेना.

साळुंकी म्हणाली, "दक्षिणेच्या डोंगरात निवळाईची गुहा आहे. पाखरांना ती वाट ठाऊक असते. तीन सूर्यास्तांची मुदत आहे, आबा. दुधाला विरजण लागून दही झाले की ते पुन्हा दूध होत नाही. तसे आमचे होईल. मग मी मुलगीही नाही आणि साळुंकीही नाही."

राजाने घोडा मागितला तर घोडपाल नांगर घेऊन आला. तेव्हा राजा पायीच निघाला. खांद्यावर साळुंकी, हाताशी मुलगी. ती चार पावले चाले आणि पाचव्याला उडी मारी. दिशाही मिसळल्या होत्या. दक्षिणेची वाट धरली की पाय उत्तरेला नेत. दोनदा राजा आपल्याच वेशीवर परत आला. तिसऱ्यांदा त्याने मुद्दाम उत्तर धरली, तेव्हा कुठे दक्षिणेचा डोंगर समोर आला. या घोळात पहिला दिवस निम्मा सरला.

गुहेत निवळाई पाटावर बसली होती. समोर तो करडा ढीग. भिंतीशी बरेच सामान मांडलेले: सूप, चाळणी, घागर, धुवट कापड, चूल, पसरट कढई, काही ओबडधोबड दगड. राजाने हे सारे मुदपाकखान्याच्या दारातून जाता येता पाहिले असेल, पण त्यातले काय कशाला लागते, हे त्याला कधी विचारावेसे वाटले नव्हते.

"तीन कामे," निवळाई म्हणाली. "पहिले, यातले लोखंड काढ. दुसरे, यातले मीठ काढ. तिसरे तू बरोबरच आणले आहेस. मी हात लावणार नाही. सामान तुझे."

राजा मांडी घालून बसला आणि एक एक काळा कण चिमटीत धरू लागला. दहा कण काढले तोवर पाठ भरून आली. कण काळा, वाळूतही काळे खडे. निवडलेल्यात अर्धे खडेच निघाले. त्याने ढीग सुपात घेऊन पाखडला, तर मीठ आणि वाळू दोन्ही उडून डोळ्यांत गेली. त्याने चाळणीतून चाळला, तर सारेच्या सारे खाली पडले.

"आबा, तुम्ही चिडला आहात," साळुंकी म्हणाली.

"मी चिडलो नाही. मला काही समजत नाही." हे शब्द राजाने पूर्वी कधी उच्चारले नव्हते. ते बोलल्यावर त्याचे त्यालाच चमत्कारिक वाटले.

तो पाणी प्यायला उठला आणि भिंतीजवळून गेला. तोच कमरेची कट्यार आपोआप कलली. राजा थांबला. एक पाऊल मागे सरला, कट्यार सरळ झाली. पुढे सरकला, पुन्हा कलली. भिंतीशी एक काळा दगड होता, कट्यारीचे टोक त्याच्याकडे ओढले जात होते. राजाने चांदीची अंगठी काढून दगडाला लावली. दगडाला तिचे काही नव्हते. मिठाचा खडा लावला; त्याचेही नव्हते. लोखंड म्हटले की मात्र दगड आतुर.

राजाने दगड कापडात गुंडाळला आणि ढिगावरून हळूहळू फिरवला. कीस झेप घेऊन कापडाला चिकटला, दाढीसारखा लोंबू लागला. कापड दगडावरून काढले की कीस गळून पडे. अशा शंभर खेपांनी ढिगातली काळी छटा गेली. बाहेर पहिला सूर्य मावळत होता.

"हा लोहचुंबक," निवळाई म्हणाली. "तू लोखंड शोधत होतास तोवर मिळाले नाही. लोखंडापाशी असे काय आहे जे वाळूपाशी नाही, ते पाहिलेस तेव्हा मिळाले. आता मीठ."

दुसऱ्या दिवशी राजा सकाळपासून ढिगासमोर बसून राहिला. मीठ पांढरे, वाळूही बरीचशी पांढरी. चुंबकाला दोन्हींत रस नाही. मग मिठापाशी असे काय आहे जे वाळूपाशी नाही? त्याच्या डोक्यात मेंढपाळाच्या आठवणी शिरल्या होत्याच. त्यातली एक वर आली. पावसात भिजलेले मिठाचे गाठोडे, आणि घरी आल्यावर हातात उरलेले नुसते ओले फडके. राजा उठला. सारा ढीग घागरीत टाकला, वर पाणी ओतले आणि काठीने ढवळू लागला. ढवळता ढवळता पाणी गढूळ झाले आणि मीठ दिसेनासे झाले.

राजाने काठी खाली टाकली. "मी मीठ घालवले," तो म्हणाला. "होते तेही घालवले."

साळुंकी घागरीच्या काठावर उतरली, चोच बुडवली, आणि मान झटकली. "खारट आहे, आबा."

दिसत नाही, पण आहे. राजाला हे एकदम मानवेना. त्याने स्वतः बोट बुडवून चाखले. खारटच. तो घागरीकडे बघत राहिला. ढवळणे थांबले होते, तशी वाळू सावकाश तळाला बसू लागली. त्याने वरचे पाणी अलगद कढईत ओतले, घागरीच्या तोंडाला कापड धरून. उरलीसुरली वाळू कापडावर अडली, मीठ मात्र पाण्याच्या पाठोपाठ कापडातून आरपार गेले. राजा पुन्हा बुचकळ्यात पडला. आता वाळू वेगळी झाली खरी, पण मीठ पाण्यात अडकले. एका गुंत्यातून सुटले आणि दुसऱ्यात गेले.

"पाण्यापाशी काय आहे जे मिठापाशी नाही?" त्याने मोठ्याने विचारले. मुलगी कोपऱ्यात चवड्यांवर बसून चुलीतल्या राखेत काही टोचत होती. राजाने चुलीकडे पाहिले. मग लाकडे रचली आणि कढई वर ठेवली.

पाणी कढले, वाफ होऊन गुहेबाहेर निघाले. राजा सारखा वाकून पाहत होता, कारण त्याला खात्री नव्हती की वाफेबरोबर मीठही निघून जात नाही. पाणी कमी झाले, दाट झाले, तडतडले. शेवटी कढईच्या तळाशी पांढरी खपली उरली. राजाने खरवडून जिभेवर ठेवली. मीठ.

तो तसाच बसला, तोंडावर काजळी, हातांना फोड. असा आनंद त्याला गड जिंकूनही झाला नव्हता. बाहेर दुसरा सूर्य मावळला.

तिसऱ्या दिवशी निवळाई म्हणाली, "आता या दोघी."

राजाने मुलीला एका बाजूस बसवले, साळुंकीला दुसऱ्या. "चारुमतीपाशी काय आहे जे साळुंकीपाशी नाही?" असे तो स्वतःला विचारू लागला, आणि तिथेच थबकला. चारुमतीपाशी काय आहे हे त्याला माहीत नव्हते. तिला काय आवडते? कुणाची भीती वाटते? चौदा वर्षांत त्याने एवढेही विचारून घेतले नव्हते.

मग त्याने घाईघाईने विचारायला सुरुवात केली. "तुझ्या आईचे नाव काय?" दोघीही म्हणाल्या, "पद्मिनी." "तुला गोड आवडते?" दोघींनी माना डोलावल्या. त्याने रत्नहार दाखवला. दोघींनी माना तिरप्या करून पाहिला. तो सवाल करी, धमकावी, विनवी. आणि जसजसे विचारी तसतसा घोळ वाढे. मुलीच्या तोंडून साळुंकीचा आवाज अधिक येऊ लागला, साळुंकीच्या डोळ्यांत पाणी आले. ऊन उतरणीला लागले.

"आबा, पुरे करा," एकीने म्हटले. कुणी म्हटले ते त्याला कळले नाही.

राजाचे हात खाली आले. आजही तो ढवळतच होता. काल घागरीत काठी फिरत होती तोवर काहीच खाली बसले नव्हते. पण आज सूर्य थांबणार नव्हता, आणि हातावर हात ठेवून बसणे म्हणजे मुलगी गमावणेही असेल. तरी त्याने ओठ मिटले आणि तो बसून राहिला. आयुष्यात प्रथमच तो कशासाठीही उठला नाही.

बराच वेळ काही घडले नाही. डोंगराची सावली गुहेच्या तोंडाशी आली. मुलीचा श्वास संथ झाला. साळुंकीने पिसे मिटली. सूर्याचा खालचा काठ कड्याला टेकला, तरी राजा हलला नाही.

तेव्हा गवतातून एक हिरवा नाकतोडा उडाला आणि गुहेच्या तोंडाशी दगडावर बसला.

साळुंकीची मान ताठ झाली. मुलीने नाकतोड्याकडे पाहिले आणि नाक मुरडले. साळुंकी झेपावली, नाकतोडा चोचीत पकडला आणि दगडावर आपटला. आपटता आपटता तिच्या गळ्यातून किर्र, चुर्र असा आवाज निघाला, निव्वळ साळुंकीचा, ज्यात माणसाचा एक शब्दही नव्हता. मग ती नाकतोडा घेऊन बाभळीवर उडून गेली. इकडे मुलगी चवड्यांवरून कलली, धपकन खाली बसली आणि पाय चोळू लागली.

"मुंग्या आल्या," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. सूर्य मावळला.

निवळाई पाटावरून उठली. "नाकतोडा कुणाला खावासा वाटतो, एवढाच फरक होता," ती म्हणाली. "बसून राहिल्याशिवाय तो दिसत नाही. शाप सुटला, राजा." तिने आपले मीठ पदरात बांधले आणि कीस राजाच्या हवाली केला.

ते परतले तेव्हा दक्षिणेची वाट दक्षिणेला आणि उत्तरेची उत्तरेला जात होती. नगरात घंटा घंटेसारखी वाजत होती, तेल पाण्यावर तरंगत होते, दिवे लागले होते. राजाचे दात दुखायचे थांबले. राजा स्वतः देमाजीच्या दारी गेला, कीस दिला, आणि आपला न्याय चुकला असे चार लोकांसमोर म्हणाला. ते कोकरू मात्र त्याच्या मनातून पुरते गेले नाही. ते ज्याचे होते त्या मेंढपाळाला त्याने शोधून काढले आणि त्याची हकीकत शेवटपर्यंत ऐकून घेतली.

गुहेतून परतताना वाटेत एके ठिकाणी त्याने चारुमतीला विचारले होते, "तीन दिवस माझ्या खांद्यावर कोण होते? तू, की ती?"

"मलाही नीट सांगता येत नाही, आबा," ती म्हणाली. "खांद्यावरून सगळे उंचावरून दिसत होते, ते मला आठवते. आणि राखेत टोचत होते, तेही आठवते."

"मला हे समजत नाही."

"मलाही नाही."

राजाने मान हलवली. मग त्याने तिला आणखी एक प्रश्न विचारला, तिला काय आवडते हा, आणि ती विचार करत असता वाटेच्या कडेला दगडावर बसला. तिला उत्तर सापडायला बराच वेळ लागला. राजा बसून होता.

सांगणाऱ्याने सगळे मिसळून सांगितले. ऐकणाऱ्याने आपापले निवडून घ्यावे.