दस्तगीर उस्तादांची खुर्ची

"उस्ताद, तो माझ्यापेक्षा जास्त काय बघतो?"

दस्तगीर उस्ताद पानाला चुना लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी तुमच्याकडे शिकायला आलो तेव्हा त्याला घोड्याचा लगाम धरता येत नव्हता. आणि आता तुम्ही आधी त्याला विचारता. दर वेळी आधी तो, मग मी."

"आधी कोणाला विचारलं यावर घोडा जिंकतो का?"

"घोडा नाही जिंकत... पण लोक बघतात ना!"

उस्तादांनी पान तोंडात टाकलं. संभाषण तिथे संपलं.

विचारणाऱ्याचं नाव जयसिंग पायगुडे. ज्याच्याबद्दल विचारलं तो दिनकर खैरे. दोघंही उस्तादांचे शिष्य. पुण्याच्या रेसकोर्सवर शर्यतीआधी घोडे जिथे गोल फिरवून दाखवतात, त्या पॅडॉकच्या कठड्यालगत उस्तादांची वेताची खुर्ची असे. घोडेमालक, ट्रेनर, मोठमोठी माणसं तिथे थांबत आणि हळूच विचारत, "काय म्हणता, उस्ताद?" उस्ताद कोणत्या घोड्यात किती दम आहे ते सांगत. त्या शब्दाला फार वजन होतं.

आता उस्तादांना लांबचं दिसत नसे. घोडे शिष्य बघत आणि उस्ताद ऐकत. हंगामाच्या शेवटच्या दिवशी खुर्ची कोणाला द्यायची ते सांगेन, असं त्यांनी जाहीर करून ठेवलं होतं.

आज तो दिवस होता. जयसिंगला रात्रभर झोप नव्हती.

दिनकर खैरे हा मत्सर करायला फार गैरसोयीचा माणूस होता. कमी बोलायचा. चुकला तर हसून कबूल करायचा. दुसऱ्याचा अंदाज बरोबर आला तर सगळ्यांदेखत शाबासकी द्यायचा. अशा माणसाचा राग राग करायला मेहनत पडते. जयसिंग ती मेहनत मनापासून घेत असे.

सकाळी आल्या आल्या दिनकरने उस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ ठेवलं. उस्तादांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मस्का लावतोय, जयसिंगच्या मनात आलं. नेमका आजच बरा पाया पडायला सुचलं याला!

पहिल्या शर्यतीचे घोडे पॅडॉकमध्ये आले.

"दिनकर, बोल."

"तो काळा बघा, उस्ताद. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावरून पुढे टाकतोय. चाल मोकळी आहे."

"जयसिंग?"

"चाल मोकळी आहे, पण मानेवर आत्ताच घाम फुटलाय. निम्मी ताकद इथेच खर्च करून चाललाय. शेवटच्या वळणावर संपणार."

काळा शेवटच्या वळणावर संपला.

"वा, जयसिंग!" दिनकर म्हणाला. "घाम मी बघितलाच नाही."

जयसिंगला हे कौतुकही टोचलं. हरल्यावर माणसाने थोडं तरी तोंड पाडावं की नाही? दिनकर पाडत नव्हता, आणि त्यामुळे जिंकल्याची मजा निम्मी झाली.

पुढच्या शर्यतीत गुलबहार नावाची घोडी होती. लालसर, अंगाने लहान. जयसिंगने ती आत येतानाच हेरली. कान पुढे, डोळा शांत, पोट नेमकं आवळलेलं. रात्रीच्या पावसाने मैदान मऊ झालं होतं, आणि असल्या हलक्या अंगाच्या घोडीला मऊ मैदान मानवतं. हीच. दुसरं कोणी नाही.

"दिनकर, बोल."

"गुलबहार, उस्ताद."

जयसिंगच्या तोंडचा घास गेला.

"जयसिंग?"

"गुलबहार...?" तो म्हणाला. "छे! फार लहान आहे. मऊ मैदानात रुतून बसेल. माझं मत त्या पांढऱ्या घोड्याला."

स्वतःच्या जिभेचं त्याला आश्चर्य वाटलं. पण शब्द बाहेर पडले होते, आणि आता पांढऱ्या घोड्याची बाजू घेणं भाग होतं. त्याने ती घेतली. भरदार पुठ्ठे, रुंद छाती, काय काय सांगितलं. उस्ताद डोळे मिटून ऐकत राहिले.

गुलबहार आरामात जिंकली. पांढरा घोडा कुठे होता ते कोणी विचारू नये.

आपल्याच मनातली घोडी जिंकली, आणि जयसिंगच्या पोटात दुखलं.

त्यानंतरचा दिवस असाच गेला. दिनकरने उजवीकडे बोट दाखवलं की जयसिंगला डावीकडचा घोडा दिसे. कधी तो बरोबर ठरे, कधी दिनकर, कधी दोघंही तोंडघशी पडत. उस्ताद ना हसले, ना रागावले. जयसिंग मनातल्या मनात गुण मोजत होता आणि दर खेपेला आपल्या बाजूला थोडे जास्तच घालत होता.

शेवटच्या शर्यतीआधी दिनकर त्याच्याजवळ आला. त्याने जयसिंगच्या खांद्यावर हात ठेवला.

"येतो, जयसिंग."

दिनकर रोज या वेळेला सगळ्यांसाठी चहा आणायला जाई.

"जा की. चहा आणायला जाताना एवढा निरोप कसला घेतोस?"

दिनकर हसला. उस्तादांकडे एकदा बघून गर्दीत शिरला.

शेवटचे घोडे आत आले.

उस्ताद म्हणाले, "बोल, जयसिंग."

"मी...?"

"तूच."

"आधी मी?"

"हेच मागत होतास ना?"

हो, हेच मागत होता. कित्येक वर्षं हेच मागत होता. जयसिंगने सदरा नीट केला आणि कठड्याला टेकून घोड्यांकडे बघितलं.

घोडे फिरत होते. एक तांबूस, एक काळा, दोन करडे, मागे आणखी काही. कान होते, पाय होते, शेपट्या होत्या. त्याने पुन्हा बघितलं. त्यांतला एकही त्याच्याशी बोलेना.

यातला दिनकरने कोणता उचलला असता? तांबूस? तांबूस असेल तर त्याची छाती अरुंद आहे, असं सांगता येईल. काळा असेल तर काळा उगाच डोकं झटकतोय. पण दिनकरने जर करडा घेतला...

"जयसिंग?"

"बघतोय, उस्ताद."

घोड्यांनी आणखी एक फेरी घेतली. जॉकी आत आले. रंगीबेरंगी सदरे चमकले.

जयसिंगने मागे वळून चहाच्या टपरीकडे नजर टाकली. गर्दीत दिनकरची टोपी दिसेना.

"वेळ होतोय, बेटा."

"एवढ्यात येईल तो, उस्ताद. दिनकर आला की..."

"आला की काय?"

"तो काय म्हणतो ते कळलं की मग मी..."

जयसिंग थांबला. आपण काय बोललो ते त्याच्याच कानांनी ऐकलं होतं. चेहरा तापला. कठड्यावरचे हात त्याला कुठे ठेवावेत ते कळेना.

घंटा वाजली. जॉकी घोड्यांवर चढले. घोडे एकामागून एक मैदानाकडे निघाले, आणि पॅडॉकमध्ये नुसती तुडवलेली माती उरली.

"तो चहाला गेला नाही," उस्ताद म्हणाले. "म्हैसूरच्या तबेल्यात त्याला काम मिळालंय. संध्याकाळची गाडी आहे. मला म्हणाला, शेवटचा दिवस तुमच्याजवळ उभा राहून जातो."

"कधी म्हणाला?"

"सकाळी. पाया पडला तेव्हा, हळूच."

"म्हणजे... खुर्ची?"

उस्तादांनी हातांवर जोर देऊन शरीर उचललं. जयसिंग आधार द्यायला पुढे झाला, तर त्यांनी त्याचाच दंड धरला, त्याला वळवलं आणि वेताच्या खुर्चीत बसवलं. स्वतः कठड्याला धरून उभे राहिले.

खुर्ची अजून उबदार होती. जयसिंगला त्यात बसवेना आणि उठवेना.

मैदानाकडून आरडाओरडा ऐकू आला. शर्यत सुटली होती. कोण पुढे आहे, कोण मागे, ते बघायला तो वळलाही नाही.

"उस्ताद," तो खाली बघत म्हणाला, "तो माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला, आणि मी त्याला धड निरोपही दिला नाही. माझ्याच्याने एक घोडा सांगवला नाही. ही खुर्ची माझी नाही. मी हरलो."

उस्ताद त्याच्याकडे वाकले. त्यांना जवळचं अजून चांगलं दिसत होतं.

"सकाळपासून या शर्यतीत तू एकटाच धावत होतास, बेटा... हरलास कोणाकडून?"