‘चालेल’ म्हणणाऱ्या बाईंची सहल

एकदा एक हळदीचे व्यापारी सपत्नीक एका वृद्ध गृहस्थांकडे आले. हे गृहस्थ परदेशच्या सहली आखून देत. पण बसभर माणसे गोळा करून नव्हे, तर समोरच्याचा स्वभाव ओळखून, एकेका कुटुंबापुरती. पेठेत लोक म्हणत, यांनी आखलेल्या सहलीवरून आलेला माणूस फोटो कमी दाखवतो आणि बोलतो जास्त. त्यांच्या हाताखाली एक शिष्य हे काम शिकत होता. तो हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

व्यापाऱ्यांना पोर्तुगालला जायचे होते. दुकान मुलाच्या हाती सोपवून ते नुकतेच मोकळे झाले होते. पत्नी पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा त्यांनी हलक्या आवाजात मनातले सांगितले.

“संसारात तिनं स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. ही एक सहल तरी तिच्या मनासारखी व्हावी. पण तिच्या मनात काय आहे, तेच मला सांगता येत नाही. इतक्या वर्षांनी हे कबूल करायची लाज वाटते.”

वृद्धांनी ते काम शिष्याकडे दिले. शिष्याने बाईंना आदराने विचारले, समुद्र आवडतो की डोंगर? त्या म्हणाल्या, काहीही चालेल. जुने राजवाडे की बाजारपेठा? यांना विचारा. शहरात राहायचे की खेड्यात? तुम्ही सांगाल तसे. शिष्याने बरेच डोके खाजवले आणि शेवटी आपल्याच अंदाजाने एक देखणी सहल आखली. तीत लिस्बनच्या चढउताराच्या गल्ल्या होत्या, निळ्या नक्षीच्या फरशांनी मढवलेल्या भिंती होत्या, समुद्रकाठी दोन निवांत दिवस होते. बाई म्हणाल्या, छान आहे. शिष्य खूश झाला. व्यापाऱ्यांचा चेहरा मात्र उतरला, कारण ‘छान आहे’ हे त्या साऱ्याच गोष्टींना म्हणत.

पुढच्या भेटीत वृद्धांनी शिष्याची सहल बाजूला ठेवली आणि स्वतः आखलेली वाचायला घेतली. ती ऐकताना शिष्याला घाम फुटला. पहाटे अंधारात उठून बस पकडायची, दुपारपर्यंत तीन किल्ले चढायचे, जेवण बसमध्येच उरकायचे. नदीच्या काठाने एक सुंदर रेल्वे जाते, पण ती फार हळू, म्हणून ती गाळली आहे, असेही त्यांनी सांगून टाकले. मग मद्याची तळघरे, आणि संध्याकाळी रिंगणात बैलाशी माणसाची झुंज पाहायची. गुरुजींचे वय झाले, आता हे गिऱ्हाईक गेलेच, असे शिष्याच्या मनात आले. व्यापारी बिचारे मान डोलावत होते.

“बैलाला काय करतात तिथं?” बाईंनी विचारले.

पाठीत टोचतात, असे वृद्धांनी शांतपणे सांगितले.

“मग मी येणार नाही,” बाई म्हणाल्या. “मी शेतकऱ्याची पोर आहे. आमच्याकडे बेंदराच्या सणाला बैलाच्या पाया पडतात.”

वृद्धांनी तेवढ्यावर काट मारली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. आता पहाटेच्या बसपाशीच बाईंनी त्यांना थांबवले. जन्मभर घरात सगळ्यांच्या आधी मीच उठत आले, तिथे तरी उन्हे वर आल्यावर उठेन, असे त्या म्हणाल्या. किल्ले नकोत, गुडघे दुखतात. तळघरात काय बघायचे? वृद्ध काट मारत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर राग तर नव्हताच, उलट बाईंचा आवाज वाढावा तसे ते प्रसन्न होत होते. शेवटी कागदावर वाचण्याजोगे काही उरले नाही, तेव्हा बाई जराशा थबकून म्हणाल्या, “त्यापेक्षा ती नदीकाठची रेल्वे घ्या ना. हळू जाते तर जाऊ दे.”

वृद्धांनी लेखणी खाली ठेवली. आज एवढे पुरे, असे म्हणून त्यांनी दोघांना चहा पाजला.

ते गेल्यावर शिष्याने विचारले, की इतकी वाईट सहल तुम्ही मुद्दाम आखलीत का?

वृद्ध म्हणाले, “तू त्यांना उत्तम प्रश्न विचारलेस, पण ‘काय हवे’ हे ज्यांना कुणी कधी विचारले नाही, त्यांना एका बैठकीत उत्तर कुठून सापडणार? मात्र ‘नको’ प्रत्येकाजवळ असते, दाबून ठेवलेले. तुझ्या सहलीत नावे ठेवायला जागाच नव्हती, म्हणून त्या गप्प राहिल्या. मी जागा ठेवली. माणूस दहादा ‘नको’ म्हणाला की अकराव्या वेळी आपोआप ‘त्यापेक्षा’ म्हणतो. मी त्या एका शब्दाची वाट पाहत होतो. सहल तिथून आखायला घे.”

त्या दिवशी शिष्याला आपल्या गुरूंविषयी जो आदर वाटला, तो त्यांच्या ज्ञानापेक्षा त्यांच्या धीराबद्दल अधिक होता.

सहल आखून झाली. शहरे थोडी, सकाळी उठणे उशिरा, आणि मधोमध ती रेल्वे. निघण्यापूर्वी दोघे भेटायला आले, तेव्हा शिष्य उत्साहाने व्यापाऱ्यांना समजावू लागला की पोर्तो शहरातून रेल्वे निघाल्यावर नदी उजव्या हाताला दिसेल, तेव्हा काका, तुम्ही उजवीकडच्या खिडकीशी बसा. व्यापाऱ्यांनी सवयीने मान हलवली.

“खिडकीशी मी बसेन,” बाई म्हणाल्या.

व्यापारी त्यांच्याकडे पाहत राहिले. आजवरच्या प्रत्येक प्रवासात खिडकीशी आपण बसलो, नाहीतर मुले बसली, हे त्यांच्या तेव्हा कुठे ध्यानात आले. त्यांचे डोळे भरून आले.

“बस,” ते म्हणाले. “बाहेर काय दिसतंय, ते मी तुला विचारत जाईन.”