तीन शिंका आणि एक निवाडा

पानमळ्यांच्या एका गावात गिरमाजी नावाचा पंच होता. माणूस इतका सरळ, की दोन मुंग्या भांडल्या तरी त्याच्या दारी यायच्या. खोटं वाटत असेल तर मुंग्यांना विचारा.

निवाड्याला बसला की तो मध्ये घोंगडी टांगायचा. पलीकडे भांडणारे, पहिला उजवीकडे, दुसरा डावीकडे; अलीकडे तो. बोलायचा फक्त गावचा गुरव. कोण पहिला, कोण दुसरा, हे गिरमाजीला निकालानंतरच कळायचं.

एका चैत्रात पाण्याच्या पाळीचा तंटा आला. पाटाचं पाणी प्रत्येक मळ्याला आठ दिवसांनी एकदा मिळे. गुरव म्हणाला, "आजची पाळी पहिल्याची. दुसऱ्यानं कालची आपली पाळी घेतली, अन् आज पुन्हा पाणी वळवलं. म्हणतो, काल धार बारीक होती."

धार बारीक असो की जाड, पाळी ती पाळी. गिरमाजी "पाणी पहिल्याचं" म्हणणार, तोच पलीकडून, उजव्या बाजूनं, तीन शिंका आल्या. अशा दणदणीत, की पिंपळावरचे कावळे उडून शेजारच्या गावात जाऊन बसले.

या शिंका तो लहानपणापासून ऐकत आला होता. पहिला म्हणजे त्याची विधवा बहीण, सगुणा!

गिरमाजीला घाम फुटला. आता लोक म्हणणार, घोंगडी नावालाच, पाणी बहिणीला! त्यानं घसा खाकरला.

"पाणी दुसऱ्याचं."

घोंगडी उतरली, आणि चावडीत एकच वाहवा झाली. "काय माणूस! सख्ख्या बहिणीचीसुद्धा गय केली नाही!" सगुणा मळ्याकडे निघून गेली.

ती रोज सकाळी भावाला विड्याची पाच पानं पाठवायची. त्यानंतरही सहा दिवस पानं आली. रोज थोडी अधिक पिवळी. सातव्या दिवशी आलीच नाहीत. गिरमाजी धावत मळ्यावर गेला. सगुणाच्या नवऱ्यानं लावलेले वेल करपून आधाराच्या शेवग्याला लोंबत होते.

"दादा, एक सांग," सगुणा म्हणाली. "पलीकडे परकी बाई असती, तर पाणी कुणाला दिलं असतंस?"

गिरमाजी खाली बघत म्हणाला, "तिला."

"मग त्या दिवशी मला परकीच समजायचं होतंस रे."

गिरमाजीनं दिवसभर विहिरीच्या घागरी आणून ओतल्या. एकाही वेलाला पालवी फुटली नाही.

तात्पर्य: न्याय करताना नातं विसरायचं, ते आपल्या माणसाला जास्त देऊ नये म्हणून, आणि त्याचं हक्काचं हिरावूही नये म्हणून. निःपक्षपाती दिसण्यासाठी आपल्या माणसावर केलेला अन्याय हाही पक्षपातच. फक्त तो स्वतःच्या नावलौकिकाच्या बाजूनं केलेला असतो.