डाळिंबाच्या साली

माकडं जेव्हा धंदा करायची, तेव्हाची ही गोष्ट. रानातली झाडून सगळी डाळिंबं भुरी माकडिणीच्या चरकावर यायची. रस विकायचा आणि साली मागच्या खड्ड्यात ढकलायच्या, हा तिचा शिरस्ता. म्हातारं कासव येता-जाता म्हणायचं, “पोरी, साली वाळत घाल गं. औषधी असतात.”

“तुरट कचऱ्यासाठी अंगण कशाला अडवू, आजोबा?” भुरी हसायची.

हंगाम संपला, पाऊस सुरू झाला आणि भुरीच्या पिल्लाला हगवण लागली. पोटात पाणीसुद्धा ठरेना. कासव म्हणालं, “वाळकी साल उकळून पाज.”

भुरी खड्ड्याकडे धावली. आत नुसता काळा, कुजका चिखल. कोपरापर्यंत हात घालून तिने तो ढवळला, पण एकही साल शाबूत निघाली नाही. मग ती दारोदार फिरली. सगळे एकच सांगत होते, “आमची डाळिंबं तर तुझ्याकडेच यायची गं, सालींसकट.”

दिवस मावळायच्या आत पिल्लू गेलं.

पुढच्या हंगामापासून भुरीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे, इतक्या साली वाळत असत. मागेल त्याला ती ओंजळ भरून देई. आजारी कोण आहे, हे मात्र ती कधीच विचारत नसे.