मथुरेची होडी आणि गाठ मारलेल्या पिशव्या

खाडीकाठच्या एका गावात मथुरा नावाची एक होडीवाली राहत असे. नवरा गेल्यावर वल्हे तिने हातात घेतले ते कायमचेच. माणसे पलीकडे पोचवायची आणि परतताना पाण्यावर तरंगणारा कचरा वेचून टोपलीत टाकायचा, हा तिचा रिवाज. कोणी सांगितले नव्हते, कोणी शाबासकीही देत नव्हते. पोरे चिडवत, "मथुराकाकीक खाडयेत मासळी गावणा नाय, प्लास्टिक गावता!" काकी हसे आणि वल्हे मारू लागे.

त्या गावाची भक्ती मोठी. देवावरून उतरलेली फुले पायदळी येऊ नयेत म्हणून लोक ती खाडीत सोडत. पण सोडत कशी? प्लास्टिकच्या पिशवीत भरून, वर घट्ट गाठ मारून! हात जोडले, पिशवी भिरकावली, पुण्य पदरात पडले. मथुरा त्याही पिशव्या उचलत असे. फुले माडांच्या बुंध्याशी घालत असे आणि पिशव्या वेगळ्या ठेवत असे.

दरवर्षी गावचा देव पालखीत बसून खाडीपलीकडे बहिणीच्या भेटीला जाई. ती पालखी मथुरेच्याच होडीतून जायची. तिच्याकडे मिरवण्यासारखे तेवढेच होते. वर्षभर ती त्या दिवसाची वाट बघायची, होडीला तेल लावायची, वल्ह्याला हळदकुंकू वाहायची.

एका वर्षी पालखीआधी देवळात गाव जमला, तेव्हा गावचे मानकरी तातोबा कडाडले, "मथुरे, देवाचा निर्माल्य हातान चिवडतंस? ह्याच हातांनी पालखी न्हेतलंस?"

"तात्यानू, फुलां देवाची. पिशवी खंयच्या देवाची?"

"तोंड सांभाळ! अवंदा पालखी बाबलाच्या होडयेत."

बाबलाची होडी इंजिनाची, नवी कोरी. मथुरा घरी आली आणि चुलीपुढे बसून पोटभर रडली.

पालखीचा दिवस उजाडला. ढोल वाजले, बाबलाची होडी भरधाव निघाली. मथुरा काठावर उभी राहून लांबूनच हात जोडत होती. अर्ध्या खाडीत इंजिन गुरगुरले आणि बंद पडले. ओहोटी जोरात होती. पालखी, मानकरी, ढोलवाले, सारे खाडीच्या मुखाकडे वाहून जाऊ लागले. तिथे लाटा फुटत होत्या. होडीतल्यांची बोबडी वळली.

शेजारीण मथुरेचा हात धरून म्हणाली, "जाव नको गो. भोगूंदेत तेंका."

मनात तिच्याही क्षणभर तेच आले. मग ती म्हणाली, "देवान माझा काय वाईट केल्यान?" आणि तिने होडी लोटली.

काय तिचे वल्हे! खाडीच्या पाण्याची प्रत्येक ओढ तिला ठाऊक. ओहोटीला बगल देत ती पोचली, दोर टाकला आणि बाबलाची होडी ओढून कडेच्या शांत पाण्यात आणली. मग वाकून तिने इंजिनाचा पंखा चाचपला. पंख्याला प्लास्टिकची पिशवी करकचून गुंडाळली होती, आणि तिला मागून दुसरी एक गाठ मारलेली पिशवी अडकली होती. कोणाच्या घरची, हे विचारण्यात अर्थ नव्हता. साऱ्या गावाची एकच तऱ्हा होती.

मथुरेने दोन्ही पिशव्या सोडवून टोपलीत टाकल्या. तातोबांनीच गाठ मारलेली पिशवी उचलली आणि गाठ सोडली. आत जास्वंदी काळ्या पडल्या होत्या, बेल कुजला होता. पाण्याला अर्पण केलेल्या फुलांना पाण्याचा थेंबही लागला नव्हता.

तातोबांची मान खाली गेली. "पालखी हिच्या होडयेत घेवा," ते म्हणाले.

त्या दिवशी देव बहिणीकडे उशिरा पोचला. वाटेत होडी पुन्हापुन्हा थांबत होती. दरवेळी पिशवी उचलायला वाकत होते ते तातोबा!

तात्पर्य: देवाचे नाव घेऊन टाकला म्हणून कचरा पवित्र होत नाही, आणि तो उचलणाऱ्या हातांना विटाळ लागत नाही.