मालूबाचा खिळा

आपल्या आजोबांचे आजोबासुद्धा जी ऐकूनच सांगायचे, तितकी जुनी ही गोष्ट. धामणटेकच्या देवीपुढे एक दांडपट्टा होता, पण नावापुरताच. कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा तेवढा उरला होता. पातं कुठल्याशा लढाईत तुटून गेलं होतं. दर दसऱ्याला लोक त्या थोट्या खोबळ्याला फूल वाहायचे आणि मान खाली घालून घरी जायचे.

गावात मालू लोहार होता. बाप लवकर गेला, तेव्हा धाकट्या जैताला त्यानंच वाढवलं, घण धरायलाही त्यानंच शिकवलं. पाटलांनी पट्ट्याला नवं पातं बसवायचं ठरवलं आणि काम मालूला सांगितलं. मालूनं पातं घडवलं. वाकवून पाहिलं, तर मोडलं. दुसरं घडवलं, तेही मोडलं. मग जैता भट्टीपुढे बसला. त्याचं पातं वेताच्या छडीसारखं वाकलं, टोक बुडाला टेकलं आणि सोडताच सरळ झालं. असं म्हणतात, ते हवेत फिरवलं तेव्हा देवळातल्या घंटा आपोआप किणकिणल्या.

गाव जैताचं नाव घेऊ लागलं. पाणवठ्यावर मालूची ओळख 'जैताचा भाऊ' अशी झाली. मालूला घास गोड लागेना. कुणी जैताची वाखाणणी केली की निखारा गिळल्यासारखं व्हायचं. मीच शिकवलं आणि मलाच मागे टाकलं, हेच मनात घोळत राही.

पातं खोबळ्याला जोडायचं राहिलं होतं. जैता म्हणाला, "दादा, खिळे तू ठोक. तुझ्याइतका माझा कुणावर भरवसा नाही."

मालूनं खिळे ठोकले. पण ठोकण्याआधी कानशीनं एकेक झिजवला. सगळ्यांदेखत पातं गळून पडावं आणि गावानं हसावं, एवढंच त्याला हवं होतं.

दसऱ्याला जैतानं खोबळ्यात हात घातला. पट्टा फिरू लागला आणि पातं दिसेनासं झालं, नुसतं चांदीचं कडं उरलं. भोवती सारं गाव, पुढे पोरंबाळं. तेवढ्यात मालूला खिळ्याची करकर ऐकू आली आणि त्याला कळून चुकलं. पातं गळणार नव्हतं. सुटून थेट पोरांत घुसणार होतं.

तो रिंगणात धावला आणि वीज धरावी तसं त्यानं ते पातं मुठीत धरलं. असं म्हणतात, त्याचं रक्त खाली सांडलं नाही. पात्यावरून वर चढलं, खोबळ्यात शिरलं आणि खिळ्यांच्या भोकांत लोखंड होऊन गोठलं.

"खिळे मी झिजवले," मालू म्हणाला. "पातं याचं चांगलं आहे. माझ्याच्यानं असं झालं नसतं."

पाटील त्याला गावाबाहेर घालवायला निघाले. जैता आपल्या पागोट्यानं भावाचा हात बांधत होता. मान वर न करता तो म्हणाला, "दादाला घालवलंत, तर माझ्या कामातली खोट काढणार कोण?"

मालू राहिला. त्या हातानं घण पुन्हा उचलला नाही, पण जैताची प्रत्येक वस्तू तो तपासायचा आणि केसाएवढी चूकही त्याच्या नजरेतून सुटायची नाही. मत्सर गेला का? नाही गेला, असं म्हणतात. म्हातारपणीही भावाची स्तुती ऐकली की तो उठून जायचा. पण चांगल्या लोखंडाला त्यानं कधी वाईट म्हटलं नाही.

आजही धामणटेकला खंडेनवमीच्या दिवशी पट्टा खेळणारा आपला पट्टा मित्राकडे देत नाही. ज्याला आपलं बरं बघवत नाही, त्याच्याच घरी नेतो. तो खिळे हलवून पाहतो, पातं वाकवून पाहतो आणि म्हणतो, "मालूबाची आण, पक्का आहे." ते ऐकल्याशिवाय कुणी खोबळ्यात हात घालत नाही.